सासरचा कोपरा

बस गेली, धूर विरला आणि समोर विद्यापीठाच्या फाटकावर बाईंना आपलाच हात दिसला. मनगटापर्यंतच. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. लहानपणी दारात चेमटलं ते नंतर कधी सरळ उगवलंच नाही, त्यामुळे ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. फलक चांगला दोन पुरुष उंच. मधोमध त्यांच्याच विभागातली ती पोरगी, बत्तीशी दाखवत हसणारी, हातात हिरवट वाडगं, वर जाड अक्षरांत 'आमचा अभिमान', आणि वाडग्याच्या बुडाशी, कुणी विसरून गेल्यासारखा, हा एक हात. बाई तिथंच उभ्या राहिल्या. मागून येणारा पोरांचा घोळका त्यांना वळसा घालून पुढे गेला. त्यातल्या एकानं 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हटलं आणि बाईंना वाटलं, याला कळलं असेल का? छे. कुणाला कळणार? हाताला कधी कुणी ओळखतं का? त्याला तोंड लागतं.

फोटोचा दिवस त्यांना चांगला आठवत होता. भट्टीच्या खोलीतच काढला होता. जनसंपर्क विभागाचा तो फोटोवाला, उंच, गोड बोलणारा, स्वतःच्याच कामावर खूश असलेला. 'मॅडम, जरा बाजूला होता का?' झाल्या. 'अजून जरा.' झाल्या. 'वाडगं मात्र खालून धरून ठेवा हं, तिचे हात थरथरतायत.' धरलं. म्हणजे चौकटीबाहेर उभं राहायचं आणि भार मात्र सांभाळायचा. तेव्हा त्यांना काहीच वाटलं नव्हतं, उलट गंमतच वाटली होती. राग त्यांना नेहमी असाच यायचा, उशिरा आणि व्याजासकट. मेलीचे दात तरी बघा, असं मनात म्हणत त्या चालायला लागल्या. पण तो हात पाठीमागून येत राहिला. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो पदरात झाकून घेतला.

मातकामाचा विभाग विद्यापीठाच्या अगदी मागच्या अंगाला होता. ग्रंथालय, उपाहारगृह, सायकलींची छपरी, हे सगळं ओलांडून. पाहुणे तिथवर येता येता दमायचे, म्हणून वर्षानुवर्षं कुणी यायचंच नाही, आणि बाईंना ते बरंच होतं. पोरं पाठीमागे त्यांना 'बाराशे' म्हणत. भट्टी बाराशे अंशांच्या वर गेली की मातीचा दगड होतो, आणि बाई तर सकाळी आल्या आल्याच बाराशेवर असतात, असं पोरांचं म्हणणं. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निदान धग तरी मान्य होती लोकांना. मग ही पोरगी आली आणि तिला नाव पडलं 'राखुंडी'. तिच्या नावातसुद्धा लाडच.

राखुंडीचं कारण तिचं संशोधन. जुन्या उत्तरपत्रिका मुदत संपली की विद्यापीठ मागच्या आवारात जाळून टाकतं. त्या राखेकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. कागदात चुना असतो, पांढरी माती असते. पोरीनं ती राख डबे भरभरून आणली, धुतली, गाळली, मातीत कालवली आणि भांड्यांवर फासली. भट्टीत तिची काच झाली. या काचेच्या थराला कामातली माणसं ग्लेझ म्हणतात, आणि चांगल्या ग्लेझसाठी माणसं आयुष्य घालवतात. हिनं दोन उन्हाळ्यांत उरकलं. मग काय, वर्तमानपत्रात 'नापासांच्या राखेचं सोनं' असा मथळा आला, आणि 'आमच्याकडे नापास झालेलंसुद्धा वाया जात नाही' हे वाक्य कुलगुरू प्रत्येक भाषणात घुसवायला लागले. लोक हमखास टाळ्या द्यायचे. ही कुंभाराची अक्कल नव्हे, बातमीदाराची अक्कल आहे, असं बाई घरी नवऱ्याला म्हणाल्या होत्या. एकदा सगळ्या वर्गासमोर पोरीनं राखेचा डबा खुळखुळवला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आजवर दिलेले सगळे मार्क आहेत बघा यात!" वर्ग खो खो हसला. बाई नाही हसल्या. खरंच होते त्यांचे मार्क त्यात. किती दुपारी घालवल्या होत्या त्या लाल पेनानं, किती पोरांना घासून-पुसून काठावर आणलं होतं, आणि शेवटी डबाभर राख, वर हिचं नाव. आणि सगळ्यात वाईट काय, तर ग्लेझ चांगलं होतं. हे बाईंना पहिल्याच वाटीला कळलं होतं. त्यांनी ती वाटी उलटी करून बूड पाहिलं आणि म्हणाल्या होत्या, "बूड नीट पुसलेलं नाही."

पण वैराचं मूळ तिथंही नव्हतं. मूळ होतं एका साध्या प्रश्नात. पोरगी नवी होती, चाकावर बसली होती, कोपरापर्यंत चिखल. बाई मागून गेल्या तर मान वर करून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः आता काही करत नाही का?" वाईट हेतूनं नव्हे. बाईंनी पुढे किती तरी वेळा तो प्रश्न तपासून पाहिला, त्यात कुठे कुसळ सापडतंय का म्हणून, आणि सापडलं नाही म्हणूनच जास्त टोचलं. कुणी मुद्दाम मारलं तर माणूस परत मारू तरी शकतं. "तुमचं निस्तरून वेळ उरला तर करीन," असं त्या ताडकन म्हणाल्या, आणि सगळे हसले. पण त्यातला 'आता' घरी आला, जेवायला बसला, अंथरुणात शिरला. भांडी विसळता विसळता त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, मी आता काही करते का?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "म्हणजे? सगळं तूच तर करतेस." त्याचंही बरोबरच होतं. वेळापत्रक, अहवाल, परीक्षा, भट्टी रचणं, भट्टी लावणं, फुटलेलं झाडून काढणं. पोरांच्या भांड्यांना जागा करून द्यायची म्हणून त्यांनी स्वतःचं भांडं भट्टीतून आधी एकदा वगळलं, मग नेहमीच वगळलं, आणि मग वगळायलाही काही उरलं नाही. हे कधी झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात, पोरं गेल्यावर, दाराला आतून कडी घालून त्या चाकावर बसल्या.

रांजण करायचा ठरवला. गुडघ्याच्या वर येईल असा. वाटी-पेल्यात काय आहे, ते तर पहिल्या वर्षाची पोरं करतात. पण हात ऐकेनात. पूर्वी त्या एवढी माती एका दमात वर ओढायच्या. खांदे, दंड, पाठ सगळं त्या एका ओढीत यायचं आणि भिंत सरळ उभी राहायची. आता अर्ध्यावरच धाप लागली आणि मातीनं मान टाकली. पुन्हा लावली, पुन्हा बसली. शेवटी त्यांनी रांजण दोन भागांत केला, खालचा वेगळा, वरचा वेगळा, आणि खांद्याखाली जोडला. पुष्कळ लोक करतात तसं, त्यात चोरी नाही. पण जोड घासून घासून दिसेनासा करताना त्यांचं तोंड कुणी पाहिलं असतं तर चोरीच वाटली असती. मोठ्या घडणीत एवढं चालतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यावर त्यांचं जुनं ग्लेझ दिलं, काळंभोर, कडेला तांबूस उजळणारं, ज्याला भट्टीची सगळ्यात कडक आच लागते. पोरगी विचारेल तेव्हा नुसतं बोट दाखवायचं होतं. हे बघ. हे केलं 'आता'. बोलायचं काहीच नाही.

न बोलण्याची ही कला बाईंना त्यांच्या सरांनी शिकवली होती. सर म्हातारे, कमरेत वाकलेले, आणि त्यांच्याकडे एकच शब्द होता: हं. वाकडं भांडं नेलं तरी हं, सरळ नेलं तरी हं. बाई पहिल्या आल्या, त्यांच्या बरणीला पदक मिळालं, त्या धावत सांगायला गेल्या, तर सरांनी बरणी उजेडाकडे धरली, आतबाहेर पाहिली आणि खाली ठेवली. हं. त्या एका अक्षराचा अर्थ लावण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. सर वारले तेव्हा भेटायला म्हणून त्या त्यांच्या घरी गेल्या. हात धुवायला मोरीत शिरल्या तर ती पदकाची बरणी तिथं नळाशेजारी होती, आत दात घासायचे ब्रश. सरांची बायको म्हणाली, "रोज सकाळी पहिली तीच लागायची त्यांना." बाईंनी हात धुतले, न पुसताच बाहेर आल्या, आणि पुढे कितीदा तरी त्यांनी या वाक्याची दोन्ही टोकं धरून पाहिली. मोलाची होती म्हणून रोज, की कसलीच किंमत नव्हती म्हणून मोरीत? कधी एक खरं वाटायचं, कधी दुसरं. आपण कुणाला असं टांगून ठेवणार नाही, असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. आणि आता? पोरगी दर खेपेला भांडं घेऊन समोर उभी राहायची, "चांगलं झालंय का हो, मॅडम?" असं विचारायची, आणि बाई बूड तपासायच्या. सगळं जग तिला चांगलं म्हणत होतं. आपल्याकडून तेवढं एक नाही मिळालं तर काय बिघडतं? मरत नाही कुणी. आम्ही नाही मेलो.

विभागाची भट्टी मोठी, दार असलेली, आणि तिचा स्वभाव सगळ्यांना पाठ. वरचा उजवा कोपरा तापट. तिथं गेलेल्या भांड्याची खैर नसते. त्याला पोरांच्या कुठल्या तरी जुन्या तुकडीनं 'सासर' नाव ठेवलं होतं. खालचा डावा कोपरा मऊ, तो 'माहेर'. नवं, ओघळणारं ग्लेझ माहेरी जायचं, एकटं, वाळूच्या थरावर, म्हणजे ओघळलं तरी कुणाला चिकटू नये. भट्टी रचणारानं एकट्यानंच रचायची, इतरांनी आत डोकवायचं नाही. आणि दार लागलं की तक्रार संपली. 'भट्टीत ठेवलं ते भट्टीचं', हे पहिल्या दिवशी शिकवायचं वाक्य. या खेपेला पोरीनं थोरलं वाडगं आणून दिलं. फलकावरचं ते नमुन्याचं होतं, खरं वाडगं हे. दोन्ही हातांच्या कवेत मावेल न मावेल एवढं. मोठ्या पारितोषिकाचे परीक्षक भट्टी उघडायच्या दिवशीच दुपारी कुलगुरूंच्या दालनात येणार होते, त्यांना हेच दाखवायचं होतं. "मॅडम, हे माहेरी ठेवाल ना?" ती म्हणाली. "राखेचं आहे, वर ओघळेल."

"मला शिकवतेस?"

"तसं नाही हो मॅडम. नुसतं आठवण म्हणून."

"आठवण आहे मला. निघ आता."

खरंच होती. बाईंनी वाडगं आधी माहेरीच ठेवलं, वाळूवर, नियमाप्रमाणे. मग रांजण सासरी चढवला, त्याला तीच आच हवी होती. मग वाट्या, पेले, पोरांची वेडीविद्री खेळणी. आणि सगळं रचून झाल्यावर, दार लोटायच्या आधी, त्यांच्या मनात आलं: दुपारी टाळ्या पडतील. 'नापास झालेलंसुद्धा वाया जात नाही.' पुन्हा तो फोटोवाला, पुन्हा 'मॅडम, जरा बाजूला.' बाई वाकल्या, वाडगं उचललं आणि सासरी नेऊन रांजणाशेजारी ठेवलं. मध्ये बोटभर जागा सोडली. फोडायचं मनात नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. जरा ओघळू दे, एवढंच. कडेवरून दोन-चार ओघळ येऊ देत, बूड भट्टीतल्या खालच्या पाटीला थोडं चिकटू दे. दिसू दे लोकांना राख शेवटी कशी वागते ती. बोटभर अंतर सरळ भांड्याला पुरतं. पण या वाडग्याच्या मातीतही पोरीनं राख मिसळली होती, आणि अशी माती कडक आचेला मऊ पडते, कलते. बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. पोरीच्या प्रबंधात तिसऱ्याच प्रकरणात होतं. त्यांनी वाचलं होतं, समासात खूण केली होती. विसरल्या. रागावलेलं माणूस आधी आपलंच शिकलेलं विसरतं.

भट्टी उघडायची ती सगळ्यांसमोर, तासिका सुरू व्हायच्या वेळेला, असा दंडक. दारावर तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे, मगच उघडायची. आज बाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. त्यांनी तळहात टेकवला, चटका बसला, काढून घेतला. फाटकावरचा तो दुसरा हात आठवला. त्याला कधी चटका बसायचा नाही, मेल्याला. त्यांनी कडीचं चाक फिरवलं आणि दार ओढलं.

गरम वारं तोंडावर आलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा रांजण दिसला. अगं बाई गं! काळा, ओला दिसावा इतका काळा, आणि गळ्याशी जिथं ग्लेझ पातळ झालं होतं तिथं तांबूस. कुठे फोड नाही, चीर नाही. जमलं, बाई मोठ्यानं म्हणाल्या, रिकाम्या खोलीत. जमलं गं मला. एवढा शुद्ध आनंद त्यांना किती तरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो साधारण एक श्वास टिकला. मग त्यांना वाडगं दिसलं. ते कललं होतं. मऊ पडून, दमल्या पोरानं आईच्या खांद्यावर डोकं टाकावं तसं, त्यानं आपली कड रांजणाच्या खांद्याला लावली होती, आणि तिथं दोन्ही ग्लेझं वितळून एकमेकांत गेली होती. गार होताना दगड झाली होती. बाईंनी फडकं गुंडाळून वाडगं हलवून पाहिलं. रांजणही हलला.

आता हे कामातलं माणूस लगेच ओळखतं: दोन्ही शाबूत सुटत नाहीत. छिन्नी लावायची ती एकाच्या बाजूनं, ज्याच्या बाजूनं लावाल ते जातं. बाई छिन्नी आणि हातोडी घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या. खोलीत भट्टीच्या निवण्याची टिकटिक तेवढी. पोरं यायला वेळ होता. त्यांनी हिशोब मांडला, म्हणजे मांडायचा आव आणला. ती तरुण आहे, दुसरं करील. भट्टीत ठेवलं ते भट्टीचं. भट्टीत वाडगी फुटतात, रोज फुटतात, कुणी विचारत नाही. रडेल जरा. बरं आहे, रडल्याशिवाय कोण कुंभार झालंय? बक्षीस पुढच्या वर्षी मिळेल. तिला काय, ती हसली की लोक फलक लावतात. माझं काय आहे? माझ्याकडे दुसरा नाही. दुसरा होणार नाही, हे मला ठाऊक आहे, माझ्या पाठीला ठाऊक आहे. या एका रांजणाच्या जोरावर मी पुढची वर्षं या खोलीत उभी राहणार आहे, तो गेला तर मी नुसती भट्टी झाडणारी. त्यांनी छिन्नीचं टोक वाडग्याच्या कडेवर टेकवलं. आणि मग, नको होतं पाहायला, पण त्यांनी वाडग्यात पाहिलं.

आत ग्लेझ तळाशी साचून घट्ट हिरवं झालं होतं. आरपार खोल. कडेवरून खाली उतरताना त्याचे बारीक बारीक पदर पडले होते, आणि तळापाशी कुठे तरी एक लालसर रेघ पोहत होती. लाल शाईची नव्हे, शाई कधीच जळून जाते. लोखंडाचा अंश असणार मातीत. हे सगळं बाईंना कळत होतं, तरी त्या रेघेकडे बघत राहिल्या. ओघळू दे म्हणून सासरी पाठवलं होतं, आणि सासरच्या आचेनंच ते असं झालं होतं. माहेरी राहतं तर गोडगोड राहिलं असतं, नमुन्याच्या वाडग्यासारखं. त्यांच्या रागानं केलं होतं हे. आपल्या हातून आजवर असं काही झालेलं नाही, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्या क्षणी त्यांना पोरीचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा फाटकापाशीही वाटला नव्हता. त्यांनी हातोडी मारली. वाडग्यावर.

आवाज वेगळाच आला. टणक टण्ण नाही. आतून काही तरी सुटल्याचा, दबका. वाडग्याच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला, बस, तेवढाच. आणि रांजणाच्या खांद्याखाली, जिथं जोड होता, जो घासून घासून दिसेनासा केला होता, तिथं एक रेघ उमटली आणि सावकाश, वेळ घेत, गोल फिरून आली. रांजण आतून अजून गरम होता. बाहेरच्या गार वाऱ्यानं आधीच त्याला धरलं असेल. वरचा भाग कलला, बाईंनी हात पुढे केला, आणि तो बोटांना घासून खाली फरशीवर गेला. त्याची मोठमोठी खापरं झाली. वाडगं जागच्या जागी उभं होतं, कडेला रांजणाच्या खांद्याचा तळहाताएवढा काळा तुकडा धरून. नुसता हिशोब उलटला असता तरी बाईंना चाललं असतं. पण राखेच्या वाडग्यानं त्यांच्या जोडाची परीक्षा घेतली होती, आणि निकाल खरा होता.

"अगं आई गं!" दारात फोटोवाला उभा होता, गळ्यात कॅमेरा. त्याच्यामागे पोरगी. उघडण्याचे फोटो घ्यायचे म्हणून दोघं लवकर आली होती. फोटोवाल्याची नजर छिन्नीवर गेली, मग खापरांवर, मग वाडग्यावर, आणि त्याला सगळं समजलं, त्याला समजायचं ते. "चिकटले होते? दोन्ही? आणि मॅडम, तुम्ही तुमचा... तिच्यासाठी..." त्याचे डोळे खरोखर भरून आले. "अहो, कुठे असतात हो अशी माणसं! कुलगुरूंना सांगतो मी. आत्ताच्या आत्ता सांगतो."

"अहो, नाही," बाई म्हणाल्या. "तसं नाहीये ते. मी तर वाडगं—"

"मोठेपणा, मॅडम, तुमचा मोठेपणा!" तो बाहेर गेला आणि ओसरीवरून फोनवर मोठमोठ्यानं सांगू लागला. 'स्वतःची कलाकृती' हे शब्द त्यानं तीनदा म्हटले.

पोरगी खापरांच्या मधून जपून पावलं टाकत पुढे आली. तिनं आधी वरच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथं तिच्या ग्लेझचे हिरवे ओघळ पाटीला चिकटले होते. मग खालच्या डाव्या कोपऱ्याकडे, जिथं वाळूचा थर होता आणि वाळूत वाडग्याच्या बुडाचा गोल ठसा, कोरा. मग तिनं फडक्यानं वाडगं उचलून खिडकीपाशी उजेडात नेलं. आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. मग कडेवरून अंगठा फिरवत आणला तो त्या टवक्यापाशी थांबवला. छिन्नीचा वार लपत नाही. कुठल्या बाजूनं पडला तेही लपत नाही. हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. अंगठा तिथं एकदा गेला, पुन्हा गेला. तिचे दात दिसत नव्हते. हसली नाही की ही मुलगी कशी दिसते, हे बाईंनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"चांगलं झालंय का हो, मॅडम?" ती म्हणाली. नेहमीचाच प्रश्न, आवाज वेगळा.

बाईंच्या तोंडून आधी "हं" आलं. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि मोरीतली ती बरणी, ते ब्रश, सगळं एकदम समोर आलं. त्यांना गप्प राहता आलं असतं. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "फार चांगलं झालंय गं."

"माहीत आहे मला," पोरगी म्हणाली, आणि तिनं वाडगं टेबलावर ठेवलं.

फोटोवाला परत आला तो उत्साहानं लाल होऊन. दुपारी कुलगुरू स्वतः येणार होते, परीक्षकांना घेऊन, इथवर चालत. फाटकावरचा फलक उद्याच बदलायचा ठरला होता. "मॅडम, इथं या. मधोमध. खापरं अशीच असू देत. छिन्नी-हातोडी हातात घ्या, आत्ता होती तशी. हां. तू अशी शेजारी, वाडगं घेऊन." बाईंना वाटलं, हातोडी टाकावी आणि चालू पडावं, बस पकडावी, घरी जावं. किंवा ओरडून सांगावं खरं काय ते. पण सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं त्याला ऐकायचं नव्हतं, आणि जिला ऐकवायला हवं होतं तिला कळून चुकलं होतं. त्या मधोमध उभ्या राहिल्या. हातातली छिन्नी सवयीनं पुढे आली आणि वाडग्याच्या कडेपाशी, टवक्याच्या अगदी जवळ, थांबली.

"अशी नको, मॅडम," पोरगी हळूच म्हणाली. तिनं बाईंचं मनगट दोन बोटांनी धरलं, सभ्यपणे, नव्या विद्यार्थ्याचा हात चाकावर वळवतात तसं, आणि छिन्नी वळवून कडेला चिकटलेल्या काळ्या तुकड्यावर टेकवली. "रांजणाच्या बाजूनं धरा. नाही तर टवका दिसतो." मग ती फोटोवाल्याकडे वळली. तिचे सगळे दात आता दिसत होते. "आणि अहो, मॅडमचा हात पुरता येतोय ना? मागच्या वेळी कापला होता तुम्ही."

"सगळं येतंय," फोटोवाला म्हणाला. "मॅडम, जरा हसा."